घुम्या क्लेम आणि हिरवी शिट्टी

क्लेम ट्रेगेन्झाला त्याच्याच एडक्याने पाडलं, हे विल्मा नॉस्केला कळलं तेव्हा तिचे दोन्ही हात सॉसेजच्या सारणात मनगटाच्या वरपर्यंत बुडालेले होते. पोर्ट वॉरलमध्ये अ‍ॅम्ब्युलन्स गावातलीच माणसं सांभाळतात, आपापला धंदा करून, बिनपगारी. विल्माचं मटणाचं दुकान होतं. तिने हात धुतले, एप्रन खुंटीला लावला, आणि समोर उभ्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "जाताना दार ओढून घे. मांजर आत राहू देऊ नकोस."

अ‍ॅम्ब्युलन्सची परीक्षा पास होऊन तिला फार दिवस झाले नव्हते. आजवर ती नेहमी मॉरीनच्या हाताखाली गेली होती, आणि मॉरीन म्हणजे ह्या कामातली मुरलेली बाई. पण मॉरीन डोळ्याच्या ऑपरेशनला अ‍ॅडलेडला गेलेली. त्यामुळे पेशंटची जबाबदारी आज पहिल्यांदा एकट्या विल्मावर होती. औषधांची पेटी तिने दोनदा तपासली, पण का, ते कुणाला सांगण्यात अर्थ नव्हता. कारण गाडीत दुसरा माणूस होता रॉस पेंगिली, आणि रॉसला सांगितलेली गोष्ट शाळेच्या बसमधून घरोघर पोचायची.

रॉस शाळेची बस चालवायचा आणि अ‍ॅम्ब्युलन्सही तशीच चालवायचा. वळण आलं की हळू, चढ आला की हळू, आणि कुठे फाट्यावर मूल उभं दिसलं की पाय आपोआप ब्रेकवर.

"रॉस, माणूस पडलाय," विल्मा म्हणाली.

"पडलाय ना. मग तो कुठे जातोय?" रॉस म्हणाला.

मेंढ्यांच्या वाड्यात पोचले तेव्हा क्लेम पाण्याच्या हौदाशेजारी धुळीत उताणा पडला होता. त्याची बायको लॉर्ना डोक्यावर छत्री धरून उभी होती, क्लेमच्या नव्हे, स्वतःच्या. पण सावली दोघांना पुरत होती. दहा पावलांवर एडका उभा होता. लॉर्नाने त्याचं नाव बिशप ठेवलं होतं, कारण त्याची चाल तशी होती आणि समोरच्याकडे बघण्याची तऱ्हाही. रॉसने पत्र्याच्या पिंपाचं झाकण उचललं आणि बिशप आणि बाकीची मंडळी यांच्यामध्ये ढालीसारखं धरून उभा राहिला.

"कसा आहेस, क्लेम?" विल्मा त्याच्याजवळ गुडघ्यावर बसली.

"बरा," क्लेम म्हणाला.

त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला होता. बुटाचं टोक भलत्याच दिशेला, हौदाकडे, वळलेलं होतं. विल्माने कात्रीने बूट कापून पावलाला रक्त पोचतंय का ते चाचपलं, बोटं हलवून दाखव म्हणाली. बोटं हलली. क्लेमच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब जमले होते आणि चेहरा मैद्यासारखा पांढरा पडला होता.

"दुखणं किती आहे? दहापैकी सांग. दहा म्हणजे सहनच होत नाही असं."

क्लेमने बराच वेळ विचार केला. "दोन," तो म्हणाला.

"त्याचे दोन म्हणजे तुझे-माझे नऊ," लॉर्ना वरून म्हणाली. "दाढ काढली तेव्हा 'एक' म्हणाला होता. आणि डॉक्टरने भलतीच दाढ काढली होती, तेसुद्धा मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, जेवताना."

पंचक्रोशीत क्लेम घुमा म्हणूनच प्रसिद्ध होता. शब्दाला महाग. लग्नात पाद्र्याने विचारल्यावर त्याने नुसती मान हलवली आणि पाद्र्याला दोनदा विचारावं लागलं, असं लोक सांगत. ती उणीव लॉर्ना एकटीच भरून काढायची. ती दुकानात आली की विल्मा सुरी खाली ठेवून एक स्टूल पुढे ओढायची.

विल्माने पेटीतून हिरवी शिट्टी काढली. ती आहे प्लास्टिकची, हिरवीगार, जाड्या शिट्टीसारखी दिसणारी नळी. आत बाटलीतलं औषध ओतायचं आणि त्याची वाफ तोंडाने ओढायची. फुटबॉलच्या मैदानावर, लाटांवर, रस्त्याच्या कडेला, जिथे कुणाचं हाड मोडतं तिथे ही शिट्टी निघते. विल्माने आजवर ती फक्त शिकवणीतल्या रबरी बाहुल्याच्या तोंडात दिली होती. बाहुल्याची तक्रार नव्हती.

"मूत्रपिंडाचा काही त्रास?"

"नाही."

"तुला किंवा तुझ्या घरात कुणाला भूल दिल्यावर काही भलतंसलतं झालं होतं?"

क्लेमने लॉर्नाकडे पाहिलं.

"ह्याच्या काकाने भूल उतरताना नर्सला मागणी घातली होती," लॉर्ना म्हणाली. "ते धरायचं का?"

"ते नाही धरत. अंगात एकाएकी भयंकर ताप चढला, असं काही?"

"तसं नाही. पण नर्स हो म्हणाली."

विल्माने औषध ओतलं, शिट्टीची दोरी क्लेमच्या मनगटात अडकवली आणि समजावून सांगितलं. आत ओढायचं, मग सावकाश सोडायचं, तेही शिट्टीतच, म्हणजे वाफ बाकीच्यांना लागत नाही. क्लेमने मान हलवली, शिट्टी तोंडात धरली आणि सगळा जीव एकवटून फुंकली. आवाज काही झाला नाही, पण कोठाराआडून त्याचा कुत्रा धावत आला.

"आधी ओढ, क्लेम. आत."

लॉर्नाने मदतीला हात पुढे केला, तर विल्माने तो बाजूला केला. "तू धरायची नाही. मीही नाही. ज्याचं दुखणं त्याच्याच हातात शिट्टी. फार गुंगी आली की हात आपसूक खाली पडतो, म्हणजे जास्त ओढली जात नाही."

पिकून उतू गेलेल्या फळांसारखा गोडसर वास सुटला. क्लेमने ओढलं, सोडलं. पुन्हा ओढलं. पाच-सात श्वास झाले तशी त्याची घट्ट मिटलेली मूठ सुटली, खांदे धुळीत सैल पडले. मग तो हसला. मोठ्याने नव्हे, चहाच्या किटलीचं झाकण उडावं तसं खुदखुद. लॉर्ना घाबरली.

"हे काय करतोय तो?"

"हसतोय," विल्मा म्हणाली.

"हसतो तो मला माहीत आहे. नाताळात हसतो. हे कशाला?"

"लॉर्ना," क्लेम म्हणाला, "स्वयंपाकघरातले ते पिवळे पडदे बघितले की मला कावीळ झाल्यासारखं वाटतं."

रॉसने झाकण जरा खाली घेतलं.

"पायाला फळी बांधायचीय," विल्मा पटकन म्हणाली. "क्लेम, शिट्टीवरच्या भोकावर बोट ठेव, म्हणजे जोर वाढेल. आता चांगलं खोल ओढ."

क्लेमने भोक दाबून खोल ओढलं. विल्मा आणि रॉस यांनी पाय दोन्हीकडून धरला आणि हळूहळू सरळ रेषेत आणला. क्लेमने डोळे मिटले, एक हुंकार दिला, पुन्हा ओढलं. विल्मा पट्टे आवळत होती आणि मनात मॉरीनचे शब्द घोळवत होती: घोट्यापाशी, गुडघ्यापाशी, पण मोडलंय तिथे नाही. शेवटचा पट्टा लावून होतोय तोच क्लेम स्वच्छ आवाजात म्हणाला, "मला मेंढ्या आवडत नाहीत."

"काय म्हणालास?" लॉर्नाने विचारलं.

"मेंढ्या. कधीच आवडल्या नाहीत. वास आवडत नाही, आवाज आवडत नाही. चेहरा तर नाहीच. सकाळी वाड्यात यावं तर सगळ्या माझ्याकडे तोंड करून उभ्या असतात, जसं काही मी आता भाषण करणार आहे."

क्लेमच्या आजोबांनी ह्या रानात मेंढ्या आणल्या, बापाने वाढवल्या. फाटकावर लोखंडी मेंढी होती. लॉर्नाच्या हातातली छत्री हळूहळू खाली आली आणि क्लेमच्या तोंडावर ऊन पडलं.

"अरे मग एवढी वर्षं पाळल्यास कशाला?"

"तुला आवडतात म्हणून."

"मला?"

"दर हिवाळ्यात पोरकी कोकरं चुलीपाशी घेऊन बसतेस. बाटलीने दूध पाजतेस. नावं ठेवतेस त्यांची."

"कारण तू कोकरू हातात घेऊन दारात उभा राहतोस," लॉर्ना म्हणाली. "तोंडातून चकार शब्द न काढता. पावसात. मला वाटायचं, माणूस बोलत नाही, पण जीव किती लावतो ह्या प्राण्यांना. ती मरायला नकोत म्हणून मी रात्ररात्र जागायची, क्लेम. माझ्या गालिच्यावर मुतायची ती."

"मी दारात उभा राहायचो, कारण आता ह्याचं काय करायचं, ते मला कळायचं नाही."

"तुझे बाबा गेले तेव्हा मी सरळ विचारलं होतं, मेंढ्या ठेवायच्या का? काय उत्तर दिलंस?"

क्लेमने आठवून पाहिलं. "काही नाही."

"तेच म्हणतेय मी."

"तू गप्प बसलीस, तेव्हा मला वाटलं तुझी इच्छा आहे."

"मी गप्प बसले?" लॉर्ना म्हणाली. एवढा मोठा आळ तिच्यावर आजवर कुणी घेतला नव्हता.

विल्माने रॉसला स्ट्रेचर आणायला सांगितलं. बिशपच्या डोळ्याला डोळा न भिडवता तिघांनी क्लेमला उचलून गाडीत ठेवलं. विल्माने मागची खिडकी उघडली, पंखा लावला आणि लॉर्नाला पट्टा बांधून बसवलं. हॉस्पिटल केल्टनला, तासाभराच्या वाटेवर. रॉसच्या हातात गाडी असली की त्याहून जास्त.

वाटेत क्लेमने बरंच काही उरकलं. लॉर्नाचा मेहुणा बार्बेक्यूत मांस जाळतो आणि वर लेक्चर देतो. चर्चमधली बाजाची पेटी बेसूर आहे आणि वाजवणारी त्याहून बेसूर. गुरुवारचा मटणाचा रस्सा त्याला आवडतो, पण तोच रस्सा शुक्रवारी आणि शनिवारी आवडत नाही. लॉर्ना प्रत्येक गोष्टीला उलट उत्तर देत होती, गाल लाल झालेले, हातवारे चाललेले. असं भांडण तिला जन्मात मिळालं नव्हतं. भिंतीवर चेंडू मारत बसलेल्या माणसाला अचानक पलीकडून चेंडू परत यायला लागावा, तसं तिचं झालं होतं.

"आणि विल्मा," क्लेम तिच्याकडे वळून प्रेमाने म्हणाला, "तुझ्या सॉसेजमध्ये पाव फार असतो."

विल्मा नाडी मोजत होती. तिचा आकडा चुकला, तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पुढून रॉसचं हसू ऐकू आलं.

"हसतोस काय, रॉस? मघाशी एक कासव आपल्या पुढे निघून गेलं."

इतक्यात रेल्वेचं फाटक आलं. त्या रुळांवरून धान्याची गाडी जायची बंद झाली, तेव्हाची पोरं आता मोठी झाली होती. तरी रॉसने गाडी थांबवली, दार उघडून दोन्हीकडचा कानोसा घेतला, जसा तो रोज बस थांबवून घ्यायचा, दार लावलं आणि मग निघाला.

फाटकाच्या पुढे शिट्टी संपली. क्लेम ओढत राहिला, पण वाफ येईना. वाक्यं आखूड झाली, मग शब्द उरले, मग तेही गेले. त्याने शिट्टी छातीवर ठेवली आणि गाडीच्या छताकडे बघत राहिला. पोर्ट वॉरलला ठाऊक असलेला क्लेम परत आला होता.

लॉर्ना विल्माकडे वळली. मग म्हणाली, "दुसरी बाटली आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. आणखी एकच देता येते."

"मग दे की."

"दुखत असेल तर देते. बोलायला लावायला नाही द्यायची ती."

"त्याला दुखतंय."

"क्लेम, किती दुखतंय आता?"

"दोन," क्लेम म्हणाला.

"नऊ म्हणतोय," लॉर्ना म्हणाली.

विल्मा अडचणीत आली. पुस्तकात लिहिलं होतं, पेशंट सांगेल तो आकडा खरा. बायको सांगेल त्याबद्दल पुस्तकात काही नव्हतं. आणि ही बायको दुखण्यासाठी बोलतेय की गप्पांसाठी, हेही तिला नक्की सांगता येईना. तिने क्लेमकडे नीट पाहिलं. गाडी खड्ड्यातून गेली तसे क्लेमचे दात एकमेकांवर आवळले. ओठावर पुन्हा घाम होता. स्ट्रेचरची दांडी त्याने अशी धरली होती की नखं पांढरी झाली होती. नाडी आधीपेक्षा जोरात पळत होती.

"क्लेम, माझ्याकडे बघ. दुकानात तू कधी अर्धा किलो मागत नाहीस, नुसतं बोट दाखवतोस आणि मी ओळखते. आता मी नऊ धरतेय. बरोबर का?"

क्लेमने तिच्याकडे पाहिलं. मग अगदी थोडी मान हलवली. "आठ," तो म्हणाला.

तिने दुसरी बाटली ओतली.

ह्या खेपेला तो लगेच बोलला नाही. बराच वेळ नुसता श्वास चालू होता आणि त्याचा चेहरा मोकळा होत गेला. भांडून भांडून लॉर्नाही दमली होती. तिने त्याच्या केसांतली धूळ झटकायला सुरुवात केली.

"तू बोलत असतेस ना," क्लेम म्हणाला, "तेव्हा मी ऐकत असतो."

"ऐकत नाहीस."

"ऐकतो. तुझ्या बहिणीची गाडी कुणी ठोकली ते सांग म्हणशील तर सांगतो. सगळं सांगतो. घरात एक रेडिओ चांगला चालू असताना दुसरा कशाला लावायचा?"

"मी रेडिओ?"

"चांगला रेडिओ," क्लेम म्हणाला. "तू मागे आईकडे गेली होतीस, तेव्हा मी ट्रॅक्टर चालू करून अंगणात ठेवायचो. नुसता. आवाजासाठी."

लॉर्नाने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर जवाची शेतं होती, आणि त्यांत रडण्यासारखं काही नव्हतं. विल्मा पेटीत उगाच कापसाचे बोळे मोजत बसली. पुढे रॉसने पहिल्यांदाच गाडीचा वेग वाढवला.

केल्टनच्या हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी क्लेमला ताब्यात घेतलं. "ट्रेगेन्झा, फार दुखतंय का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"बरं आहे," क्लेम म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी त्याला विमानाने अ‍ॅडलेडला नेऊन पायात सळई घातली.

दुसऱ्या दिवशी विल्माच्या दुकानात एवढी गर्दी झाली की तिला वाटलं ईस्टर आला. कुणाला मटण नको होतं. काउंटरवर कोपर टेकून जो तो विचारत होता, क्लेम काय काय बोलला. रॉसने फक्त एवढंच सांगितलं होतं की क्लेम बोलला, आणि तेवढ्यानेच गाव पेटलं होतं.

"गाडीतलं गाडीत राहतं," विल्मा म्हणत राहिली.

"मेंढ्यांबद्दल काही बोलला का?"

"खिमा देऊ का?"

तिने ताकास तूर लागू दिली नाही. पण आठवडा संपायच्या आत लॉर्ना स्वतः आली, स्टुलावर बसली आणि उभ्या गावाला पडद्यांपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं सांगितलं. सांगताना ती क्लेमचा आवाजही काढत होती. सॉसेजमधल्या पावाबद्दलही तिने सांगितलं, गिऱ्हाइकांच्या देखत, आणि दोघीतिघींनी माना डोलावल्या.

मेंढ्या विकल्या. बिशपला पलीकडच्या गावातल्या एका माणसाने नेलं आणि महिन्याभरात बिशपने त्याचं कुंपण मोडलं. रानात मसूर पेरायचं ठरलं. हल्ली इथली मसूर जहाजात भरून थेट हिंदुस्थानात जाते. क्लेम घरी आला तो कुबड्या घेऊन, आणि पुन्हा तोच, मोजूनमापून बोलणारा. पण लॉर्नाने आता नवी रीत पाडली होती. ती प्रश्न विचारायची आणि उत्तर येईपर्यंत चक्क गप्प बसायची. क्लेमला ती शांतता सहन व्हायची नाही, आणि तो काहीतरी बोलून टाकायचा.

एक दिवस दुपारी क्लेम एकटाच दुकानात आला. कुबड्या काउंटरला टेकवल्या आणि चॉप्सकडे बोट दाखवलं. विल्माने ते बांधले. तरी तो हलेना. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मांजर होतं.

"त्या दिवशी," क्लेम म्हणाला. "गाडीत."

"हं."

"टास्मानियाबद्दल मी काही बोललो होतो?"

विल्माने सुरी पुसायला घेतली. टास्मानियाचं नावसुद्धा निघालं नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"का रे?"

"लॉर्ना म्हणते मी वचन दिलं. बोटीने न्यायचं. वर खिडकीवाली खोली. मला आठवत नाही." तो थांबला, दम घेतला. एका दमात इतकं बोलण्याची त्याला अजून सवय नव्हती. "शुद्धीत नसताना दिलेलं वचनही वचनच. म्हणून विचारतो."

गाडीतलं गाडीत राहतं, हा नियम इथे लागू पडत नव्हता. बोलणारा स्वतःच विचारायला आला होता. खरं सांगावं तर लॉर्ना उघडी पडते. खोटं सांगावं तर अ‍ॅम्ब्युलन्सच्या नव्याने मिळालेल्या बिल्ल्याची लाज. विल्माला लॉर्नाचा रागही आला आणि तिच्या हुशारीचं कौतुकही वाटलं. तिने सुरी दोन्ही बाजूंनी नीट पुसली.

"क्लेम, तू म्हणाल्याचं मी काही ऐकलं नाही," ती म्हणाली. "पण खिडकी उघडी होती, पंखा चालू होता, आणि मी बोळे मोजत होते."

क्लेमने त्यावर विचार केला. विल्माने त्याला वेळ दिला.

"जायचं मलाही होतंच," तो शेवटी म्हणाला. "फार वर्षांपासून. बरं झालं बोलून टाकलं ते."

त्याने चॉप्सची पिशवी कुबडीच्या दांडीला अडकवली आणि दाराकडे निघाला. बाहेर गाडीत लॉर्ना बसली होती. ती इकडे बघतच नव्हती, अगदी मन लावून बघत नव्हती.